दोन हिशेब : कार्लाइलचे खेळाडू आणि त्यांचा प्रशिक्षक

अमेरिकेत ज्या खेळाला फुटबॉल म्हणतात, त्यात पायाचे काम थोडेच असते. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो छातीशी धरून पळायचे, समोरच्यांनी पळणाऱ्याला आडवे करायचे आणि हात-दोन हात जमीन मिळवत मैदानाच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोहोचायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आणि पेनसिल्व्हेनिया या चार विद्यापीठांच्या मालकीचा असल्यासारखा होता. नियम ठरवण्यात त्यांचा शब्द चाले, पंच बहुधा त्यांच्यातूनच येत आणि देशातल्या उत्तम खेळाडूंची यादी येलचा वॉल्टर कॅम्प तयार करी. या चौघांना पुढे ज्या मोजक्या संघांनी हरवले, त्यांतल्या एका संघामागे विद्यापीठच नव्हते. ती एक सरकारी निवासी शाळा होती, आणि तिथली मुले हौसेने आलेली नव्हती.

कार्लाइल इंडियन इंडस्ट्रियल स्कूल हे तिचे नाव. 'इंडियन' म्हणजे अर्थातच अमेरिकेचे मूळ रहिवासी, ज्यांना आपल्या शालेय पुस्तकांनी 'रेड इंडियन' म्हटले. रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने १८७९ साली पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल गावी, लष्कराच्या जुन्या बराकींत ही शाळा काढली. त्याआधी फ्लोरिडातल्या फोर्ट मॅरियन किल्ल्यात युद्धकैदी म्हणून आणलेल्या मूळ रहिवाशांवर तो देखरेख करीत होता. त्यांना गणवेश, कवायत आणि इंग्रजी देऊन त्याने जो प्रयोग केला, तोच पुढे मुलांवर केला. माणूस वाचवायचा असेल तर त्याच्यातला इंडियन मारला पाहिजे, हे त्याचे सूत्र १८९२ च्या एका भाषणामुळे प्रसिद्ध झाले. लाकोटा मुलांच्या पहिल्या तुकडीत ल्यूथर स्टँडिंग बेअर होता. फळ्यावर इंग्रजी नावे लिहिलेली होती. ती त्याला वाचता येत नव्हती. हातात काठी देऊन त्यातले एक दाखवायला सांगितले, आणि काठी जिथे टेकली ते त्याचे नाव झाले. हे त्याने पुढे स्वतःच लिहून ठेवले आहे.

मुलांचे केस कापले जात, आपली भाषा बोलण्यास बंदी असे. अर्धा दिवस वर्ग, अर्धा दिवस सुतारकाम, शिंपीकाम, धोबीकाम, शेती. उन्हाळ्यात घरी पाठवण्याऐवजी गोऱ्या शेतकऱ्यांकडे कामाला पाठवत. १९१८ साली शाळा बंद होईपर्यंत शंभराहून अधिक जमातींतली सुमारे आठ हजार मुले इथे आली. त्यांतली पदवी घेऊन बाहेर पडलेली आठशेहूनही कमी. बरीच पळून गेली; क्षयासारख्या रोगांनी मेलेल्यांपैकी जवळजवळ १८० मुलांच्या कबरी शाळेच्या आवारातच राहिल्या.

अशा ठिकाणी फुटबॉल आला तो मुलांच्या मागणीवरून. सुरुवातीला शेजारच्या डिकिन्सन कॉलेजशी झालेल्या एका सामन्यात एका मुलाचा पाय मोडला, तेव्हा प्रॅटने बाहेरच्या संघांशी खेळणे बंद केले. काही काळाने मुलांचे एक शिष्टमंडळ त्याच्या खोलीत आले आणि त्यांनी परवानगी मागितली. प्रॅटच्या आठवणींनुसार त्याने दोन अटी घातल्या. पहिली : समोरच्याने कितीही गुद्दे मारले तरी तुम्ही हात उचलायचा नाही, कारण तुम्ही एकदा मारलेत की लोक म्हणणार, पाहा, हे रानटीच. दुसरी : दोन-तीन-चार वर्षांत देशातल्या सर्वांत बलाढ्य संघाला हरवायचे.

पहिली अट नीट पाहिली तर तिच्यात शाळेचे सगळे तत्त्वज्ञान आहे. हार्वर्डच्या मुलाने गुद्दा मारला तर ती त्याची खोडी. कार्लाइलच्या मुलाने मारला तर तो त्याच्या वंशाचा पुरावा. मुलांनी अट मान्य केली. त्यांना खेळायचे होते.

१८९६ साली एका महिन्याच्या आत कार्लाइलने प्रिन्स्टन, येल, हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया या चौघांशी सामने खेळले. चारही हरले, पण हार्वर्डशी फक्त ०–४ आणि येलशी ६–१२. येलविरुद्धच्या सामन्यात कार्लाइलच्या खेळाडूने शेवटच्या रेषेपलीकडे नेलेला एक चेंडू पंचाने रद्द ठरवला : शिट्टी आधीच वाजवली होती म्हणे. तो पंच विल्यम हिकॉक होता. येलचा माजी खेळाडू आणि त्या वर्षीचा कार्लाइलचाच प्रशिक्षक. न्यूयॉर्कच्या प्रेक्षकांनी त्या निर्णयाविरुद्ध आरडाओरडा केला. त्याच हंगामात हार्वर्डचा सामना पाहायला 'न्यूयॉर्क जर्नल'ने कादंबरीकार स्टीफन क्रेनला पाठवले होते. या संघाकडे लोक निव्वळ खेळ म्हणून पाहत नव्हते. वुंडेड नीच्या हत्याकांडाला जेमतेम सहा वर्षे झाली होती. वर्तमानपत्रांच्या व्यंगचित्रांत कार्लाइलच्या मुलांच्या डोक्यावर पिसे आणि हातात कुऱ्हाडी असत. प्रत्यक्षात मैदानावर उतरणारी ती कापलेल्या केसांची, शिस्तीत उभी राहणारी पोरे होती.

त्या संघातली दोन नावे लक्षात ठेवावीत. बीमस पियर्स हा सेनेका जमातीचा, धिप्पाड, आघाडीच्या फळीत उभा राहणारा. फ्रँक हडसन हा लगुना पुएब्लोचा, चणीने लहान, पण धावता धावता चेंडू जमिनीवर टाकून लाथेने खांबांमधून नेण्यात त्या काळी त्याच्या तोडीचे फार थोडे होते. हे दोघे पुढे पुन्हा भेटतील.

१८९९ साली कॉर्नेलहून ग्लेन वॉर्नर आला. त्याला सगळे 'पॉप' म्हणत. अमेरिकी फुटबॉलच्या इतिहासात मोठ्या प्रशिक्षकांची यादी केली तर त्याचे नाव पहिल्या ओळीत येते, आणि ते योग्यच आहे. त्याच वर्षी कार्लाइलने पेनसिल्व्हेनियाला १६–५ असे हरवले. प्रॅटची दुसरी अट पुरी झाली. नाताळच्या दिवशी सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन त्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठाला २–० असे नमवले. कॅम्पच्या राष्ट्रीय यादीच्या पहिल्या संघात आयझॅक सेनेकाचे नाव आले; तिथे पोहोचलेला तो कार्लाइलचा पहिला खेळाडू.

वॉर्नरने एक गोष्ट लवकर ओळखली. पूर्वेच्या विद्यापीठांचे खेळाडू वजनाने भारी आणि संख्येने भरपूर असत. कार्लाइलकडे हलकी, चपळ आणि मोजकीच मुले. सरळ धडकेत हार ठरलेली, तेव्हा फसवणूक, वेग आणि चेंडूची हातचलाखी हाच मार्ग. ३१ ऑक्टोबर १९०३ रोजी हार्वर्डविरुद्ध दुसरा डाव सुरू झाला तेव्हा चेंडू जिमी जॉन्सनने झेलला. सगळे त्याच्याभोवती जमले आणि त्याने चेंडू चार्ल्स डिलनच्या अंगरख्यात पाठीमागून सरकवला. आतून इलॅस्टिक शिवलेले होते. मग सगळे पांगले. प्रत्येकाने पोटाशी काहीतरी लपवल्याची बतावणी केली. हार्वर्डचे खेळाडू चेंडू शोधत राहिले आणि डिलन दोन्ही हात मोकळे सोडून मैदानभर पळत गेला. सामना अखेर हार्वर्डने १२–११ असा जिंकला, तरी लोकांच्या लक्षात राहिला तो डिलन. ही गोष्ट पुढे वॉर्नरची युक्ती म्हणून सांगितली गेली. युक्ती त्याची होती हे खरे. भर मैदानात, हार्वर्डच्या अकरा जणांसमोर चेहरा न बदलता ती पार पाडणारे मात्र जॉन्सन आणि डिलन होते.

प्रशिक्षकाचे श्रेय आणि खेळाडूंचे श्रेय वेगळे करणे कोणत्याही खेळात अवघड. कार्लाइलच्या बाबतीत मात्र त्यासाठी एक सोय आहे. १९०४ ते १९०६ ही तीन वर्षे वॉर्नर पुन्हा कॉर्नेलला होता. १९०४ साली संघाची जबाबदारी एड रॉजर्स या चिपेवा जमातीच्या माजी कर्णधाराकडे आली. त्या वर्षी संघ फक्त दोन सामने हरला. १९०६ साली बीमस पियर्स आणि फ्रँक हडसन यांनी संघ सांभाळला.

ते १९०६ वर्ष महत्त्वाचे होते. १९०५ च्या हंगामात मैदानावर अठरा-एकोणीस मुले मेल्याची नोंद आहे, आणि राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने विद्यापीठांच्या प्रतिनिधींना बोलावून खेळ सुधारा असे बजावले होते. नियम बदलले. सर्वांत मोठा बदल म्हणजे चेंडू हाताने पुढे फेकण्याची, फॉरवर्ड पासची, परवानगी. पास हुकला तर शिक्षा होई, म्हणून बड्या संघांनी त्याला फारसा हात लावला नाही. कायदेशीर पास पहिल्यांदा टाकल्याचे श्रेय सेंट लुईस विद्यापीठाला दिले जाते, कार्लाइलला नव्हे. पण नव्या नियमांच्या त्या पहिल्याच हंगामात पियर्स-हडसनच्या संघाने मिनेसोटासारख्या बलाढ्य संघाला १७–० असे हरवले. म्हणजे वॉर्नर नव्हता तेव्हाही हा संघ मोडला नव्हता, हे आकडेच सांगतात.

१९०७ साली वॉर्नर परतला आणि पास हे कार्लाइलचे रोजचे हत्यार झाले. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनियाला त्यांनी २६–६ असे हरवले. पीट हाउझर चेंडू लांब, फिरकी देऊन फेकत असे. टोकाला पळत जाऊन तो झेलणारा डेलावेअर जमातीचा अल्बर्ट एक्सेंडाइन. संघ चालवणारा तुस्कारोरा जमातीचा फ्रँक माउंट प्लेझंट. शिकागोविरुद्ध प्रतिपक्षाने एक्सेंडाइनला रोखून धरले होते, म्हणून तो सरळ मैदानाबाहेर गेला, बाकाच्या मागून धावला, पुढे पुन्हा आत आला आणि हाउझरचा पास झेलून त्याने गुण मिळवले. त्या वर्षी त्यांनी हार्वर्ड आणि शिकागो दोघांनाही हरवले. फक्त प्रिन्स्टनकडून हार पत्करली. आज दूरचित्रवाणीवर हा खेळ पाहताना ज्या क्षणी सगळे स्टेडियम उभे राहते, तो लांब पास पूर्वेच्या प्रेक्षकांनी पहिल्यांदा मन भरून पाहिला तो या मुलांच्या हातून.

याच वर्षांत जिम थॉर्प घडत होता. सॅक अँड फॉक्स जमातीचा हा मुलगा १९०४ साली कार्लाइलला आला. १९०७ साली कामाच्या कपड्यांतच त्याने सहज उडी मारून उंच उडीचा दांडा ओलांडला आणि तो वॉर्नरच्या नजरेत भरला. १९०९ च्या सुमारास शाळा सोडून तो नॉर्थ कॅरोलिनात दोन उन्हाळे थोड्याशा पैशांवर बेसबॉल खेळला आणि १९११ साली परतला. त्या वर्षी हार्वर्डविरुद्ध दुखऱ्या पायाने त्याने चार फील्ड गोल मारले. कार्लाइल १८–१५ असे जिंकले. १९१२ च्या उन्हाळ्यात स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये त्याने पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन ही दोन्ही सुवर्णपदके जिंकली, आणि ९ नोव्हेंबरला वेस्ट पॉइंट इथे लष्करी अकादमीच्या संघाला २७–६ असे हरवणाऱ्या कार्लाइलमध्ये तो होता. हरलेल्या कॅडेटांत ड्वाइट आयझेनहॉवर नावाचा एक तरुण होता. तुमच्या बापजाद्यांशी यांचे बापजादे लढले, असे वॉर्नरने सामन्यापूर्वी मुलांना सांगितल्याची कथा प्रसिद्ध आहे. ती जशीच्या तशी खरी असो वा नसो, मैदानावरच्या प्रत्येकाला ते न सांगताही ठाऊक होते. आणि ज्या शाळेत 'इंडियन' मारायचा होता, तिच्याच प्रशिक्षकाला सामना जिंकण्यासाठी तो जिवंत हवा होता, ही या कथेतली खरी गंमत.

त्या काळात शाळेच्या व्यापारी विभागात मेरिअ‍ॅन मूर ही तरुणी टंकलेखन आणि लघुलेखन शिकवत होती. पुढे ती इंग्रजीतली मोठी कवयित्री झाली. थॉर्प तिचा विद्यार्थी. ती त्याला जेम्स म्हणे. जिम म्हणणे तिला कमी लेखल्यासारखे वाटे, असे तिने उतारवयात सांगितले. त्या शाळेत एखाद्याला नावाने हाक मारण्याचा इतका विचार कोणी करत होते, याचीही नोंद असायला हवी.

जानेवारी १९१३ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या एका वर्तमानपत्राने थॉर्पच्या बेसबॉलची बातमी छापली. हौशी खेळाडूच्या नियमांत पैसे घेणे बसत नव्हते. स्पर्धेविषयीची तक्रार तीस दिवसांत करावी असे स्टॉकहोमच्या नियमांत होते आणि ती मुदत केव्हाच उलटली होती. तरी पदके परत घेतली गेली. थॉर्पच्या सहीने एक पत्र गेले. त्यात त्याने आपण एक साधा इंडियन शाळकरी मुलगा होतो, आपल्याला हे नियम कळत नव्हते, असे म्हटले होते. पत्राची भाषा वॉर्नरची असावी असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. आपला सर्वोत्तम खेळाडू दोन हंगाम कुठे होता हे वॉर्नरला ठाऊक नव्हते, हे पटणे कठीणच. पत्रातल्या त्या एका वाक्याने वॉर्नर आणि शाळा दोघेही सुटले, आणि अज्ञानाचा डाग मात्र 'इंडियन' असण्यावर गेला.

इथपर्यंतची गोष्ट बऱ्याच पुस्तकांत सापडते. तिचे दोन साचे आहेत. एकात दीनदुबळी मुले खेळाच्या बळावर वर येतात आणि कनवाळू प्रशिक्षक त्यांचा हात धरतो. दुसऱ्यात सगळीच मुले बळी. कार्लाइलच्या खेळाडूंनी १९१४ साली जे केले, ते या दोन्ही साच्यांत बसत नाही.

गस वेल्श हा चिपेवा जमातीचा क्वार्टरबॅक, १९११ आणि १९१२ च्या विजयी संघांचा मेंदू. त्याने शाळेच्या कारभाराविरुद्ध अर्ज तयार केला आणि दोनशेहून अधिक विद्यार्थ्यांच्या सह्या घेतल्या. सिनेटर जोसेफ रॉबिन्सनच्या अध्यक्षतेखालची काँग्रेसची संयुक्त समिती फेब्रुवारी १९१४ मध्ये कार्लाइलला आली आणि तिने साक्षी घेतल्या. त्यांतून निघालेले चित्र असे : फुटबॉलच्या तिकिटांचा पैसा शाळेच्या सरकारी हिशेबात न येता अ‍ॅथलेटिक असोसिएशनच्या खात्यात जमा होई, आणि ते खाते वॉर्नर आणि अधीक्षक मोझेस फ्रीडमन यांच्या हातात. खेळाडूंची राहण्याची सोय वेगळी, जेवण चांगले, हंगामाच्या शेवटी सूट आणि ओव्हरकोट; बाकीच्या मुलांची जेवणाची रड. शिक्षेत मारहाण. वॉर्नर घाणेरड्या शिव्या देतो, हात उगारतो, असे त्याच्याच खेळाडूंनी शपथेवर सांगितले.

वेल्शच्या साक्षीचा आशय असा होता की वॉर्नर चांगला फुटबॉल प्रशिक्षक आहे, पण तत्त्वशून्य माणूस आहे.

या साक्षीचे वजन समजून घेतले पाहिजे. बोलणारा स्वतः त्या व्यवस्थेत सुखी गटातला होता. चांगले जेवण, ओव्हरकोट, वर्तमानपत्रांतले कौतुक, सगळे त्याच्या वाट्याला आले होते. संघ जिंकत असताना, प्रशिक्षकाची कीर्ती शिखरावर असताना तो बोलला, आणि बोलताना प्रशिक्षकाचे कसब नाकारण्याची त्याला गरज वाटली नाही. त्याने दोन हिशेब वेगळे ठेवले. खेळातले जे शिकलो ते शिकलो. त्याबदल्यात दोनशे मुलांच्या पोटाचा प्रश्न गिळून टाकणार नाही. आपल्याकडे गुरूचे ऋण नावाच्या गोष्टीने कितीतरी तोंडे बंद ठेवली आहेत. वेल्शने ते ऋण मान्य करूनही तोंड उघडले.

परिणाम अर्धवटच झाला. फ्रीडमनला जावे लागले. वॉर्नर आणखी एक हंगाम राहिला, मग पिट्सबर्गला गेला आणि तिथे अजिंक्य संघ घडवले. आज अमेरिकेतल्या लहान मुलांच्या फुटबॉलची एक देशव्यापी संघटना त्याच्या नावाने चालते. कार्लाइलचा संघ १९१४ साली जिंकला त्यापेक्षा जास्त सामने हरला. १९१७ हा त्याचा शेवटचा हंगाम. १९१८ साली महायुद्धातल्या जखमी सैनिकांच्या रुग्णालयासाठी लष्कराने जागा परत घेतली आणि शाळा संपली.

खेळाडू मात्र संपले नाहीत. एड रॉजर्स मिनेसोटात वकील झाला. एक्सेंडाइन आणि वेल्श या दोघांनी डिकिन्सनमध्ये कायद्याचे शिक्षण घेतले आणि दोघेही पुढे विद्यापीठांचे प्रशिक्षक झाले : एक्सेंडाइन जॉर्जटाउनमध्ये, वेल्श वॉशिंग्टन स्टेटमध्ये. थॉर्पच्या वाट्याला निराळे आले. १९२२ आणि १९२३ साली तो ओहायोतल्या ऊरँग इंडियन्स या व्यावसायिक संघाचा खेळाडू-प्रशिक्षक होता. संघाचा मालक एअरडेल जातीचे कुत्रे विकत असे आणि संघ म्हणजे त्याची जाहिरात. मध्यंतरात खेळाडूंनी पिसे लावून नाचायचे, कुत्र्यांचे खेळ दाखवायचे. ज्या पोशाखापासून सोडवण्यासाठी म्हणून त्यांना लहानपणी कार्लाइलला आणले, तोच आता घालण्याचे पैसे मिळत होते.

थॉर्प १९५३ साली वारला. ऑलिंपिक समितीने १९८२ साली त्याला सहविजेता ठरवले, आणि २०२२ साली दोन्ही स्पर्धांचा एकमेव विजेता. कार्लाइलच्या बराकींत आता अमेरिकन लष्कराचे वॉर कॉलेज आहे. आवारातल्या कबरी १९२७ साली बांधकामासाठी हलवल्या गेल्या. अनेक दगडांवर नावे चुकीची कोरली आहेत. २०१७ पासून लष्कर त्या कबरी उघडून मुलांचे अवशेष त्यांच्या जमातींकडे परत देत आहे. २०२१ साली रोझबडच्या लाकोटांनी आपली नऊ मुले घरी नेली. डिसेंबर २०२४ मध्ये राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी ही जागा राष्ट्रीय स्मारक म्हणून घोषित केली.

स्मारकात फुटबॉलची गोष्ट सांगितली जाईलच, कारण ती सांगायला सोपी आहे आणि तिच्यात विजय आहेत. हार्वर्डचा गुणफलक सांगितला जाईल, थॉर्पची पदके सांगितली जातील. त्यांच्या शेजारी १९१४ चा तो अर्जही ठेवावा. त्यावर सह्या करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी कार्लाइलचा लाल पोशाख कधीच अंगावर घातला नव्हता. त्यांना फक्त पुरेशी भाकरी हवी होती, आणि संघाच्या क्वार्टरबॅकने ती त्यांच्यासाठी मागितली.